अमेरिकेच्या इमिग्रेशन कोर्टात मुलाची बाजू कोणी मांडावी: मोफत संस्था, खाजगी वकील की आणखी कोणी?

आई-वडिलांशिवाय अमेरिकेच्या सीमेवर पोहोचलेले अल्पवयीन मूल सरकारी निवासगृहातून एखाद्या काका-मावशीच्या ताब्यात दिले जाते, तेव्हा त्याच्याबरोबर कागदांचा एक गठ्ठा येतो आणि त्यात इमिग्रेशन कोर्टाची नोटीस असते. ती नोटीस म्हणजे मुलाविरुद्ध हद्दपारीची कारवाई. भारतातून गेलेल्या कुटुंबाची स्वाभाविक समजूत अशी असते की मूल आहे म्हटल्यावर कोर्टच वकील देईल. आपल्याकडे १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार बालकाला उत्पन्नाची अट न घालता मोफत विधी सहाय्य मिळते. तिथे मात्र हद्दपारी ही दिवाणी कारवाई मानली जाते. वकील करण्याचा हक्क आहे, पण कायद्याच्या शब्दांत तो सरकारवर खर्च न टाकता. बालगुन्हेगारीच्या खटल्यात मुलाला वकील मिळालाच पाहिजे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये गॉल्ट प्रकरणात ठरवले. तो नियम इमिग्रेशन कोर्टाला लागू झालेला नाही. सरकारची बाजू मात्र प्रशिक्षित वकीलच मांडतो. त्यामुळे मुलाचा वकील कोण, हे ज्याच्या घरी मूल आले त्यालाच ठरवावे लागते.

वकिलाशिवाय चालेल का, या प्रश्नात फार वेळ घालवण्याचे कारण नाही. सिराक्यूज विद्यापीठातील ‘ट्रॅक’ या संशोधन गटाने २०१४ मध्ये एक लाखाहून अधिक मुलांची प्रकरणे तपासली. वकील असलेल्यांपैकी ४७ टक्के मुलांना राहू दिले गेले, तर वकील नसलेल्यांपैकी केवळ १० टक्क्यांना. वकील मुळात भक्कम प्रकरणे निवडून घेतात, हे लक्षात घेतले तरी एवढा फरक त्यातून भरून निघत नाही. शिवाय तारखेला गैरहजर राहिल्यास मुलाच्या अनुपस्थितीतच हद्दपारीचा आदेश निघू शकतो, आणि वकील असलेल्या मुलाची तारीख सहसा चुकत नाही.

खरी निवड सुरू होते ती मोफत संस्था आणि खाजगी वकील यांच्यात. मोफत म्हणजे दुय्यम, हा आपल्या समाजातला ग्रह इथे बाजूला ठेवावा. या संस्थांचे वकील वर्षानुवर्षे फक्त मुलांचीच प्रकरणे लढतात. एकट्या आलेल्या मुलाचा आश्रयाचा, म्हणजे मायदेशात छळाची भीती आहे म्हणून संरक्षण मागण्याचा, अर्ज आधी न्यायाधीशाकडे न जाता आश्रय अधिकाऱ्याकडे जातो आणि अमेरिकेत आल्यापासून एका वर्षात अर्ज करण्याची अट त्याला लागू होत नाही, ही २००८ च्या कायद्याने दिलेली सवलत त्यांना तोंडपाठ असते. त्यांची अडचण ज्ञानाची नसून मनुष्यबळाची आहे. मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने मुलांच्या वकिलांसाठीचा करार बहुतांशी रद्द केला, तेव्हा सुमारे २६,००० मुलांचे प्रतिनिधित्व धोक्यात आले. एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयाने सरकारला मनाई केली खरी, पण तोवर अनेक संस्थांनी कर्मचारी कमी केले होते आणि नवी प्रकरणे घेणे थांबवले होते. म्हणून संस्थेला पहिला प्रश्न ‘फी किती’ हा न विचारता ‘आत्ता नवे प्रकरण घेता का, आणि प्रतीक्षायादी असल्यास किती महिन्यांची’ हा विचारावा.

मोफत मदतीचा दुसरा प्रकार म्हणजे मोठ्या लॉ फर्ममधले स्वयंसेवक वकील. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि अँजेलिना जोली यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली ‘किंड’ ही संस्था मुलांची आणि अशा वकिलांची गाठ घालून देते आणि तज्ज्ञ मार्गदर्शक मागे उभा करते. कंपन्यांचे करार करणारा वकील मुलाचा आश्रयाचा दावा लढवणार, हे ऐकायला विचित्र वाटते. पण त्याच्या हाताखाली माणसे असतात, आणि दुभाषा, भाषांतर, मानसोपचारतज्ज्ञाचा अहवाल यांचा खर्च बऱ्याचदा फर्म उचलते. माझ्या मते या पर्यायाला त्याच्या योग्यतेपेक्षा कमी भाव मिळतो.

खाजगी वकिलाचा मोठा फायदा म्हणजे तो उद्यापासून काम सुरू करू शकतो. धोका असतो तो वकील चुकीचा निवडण्यात. न्यू जर्सी किंवा बे एरियातल्या मराठी कुटुंबाच्या ओळखीत एखादा एच-वन-बीचे काम करणारा वकील हमखास असतो आणि ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून त्याच्याकडेच प्रकरण जाते. तो आपल्या क्षेत्रात कितीही हुशार असला, तरी हे मोडलेला हात दाताच्या डॉक्टरला दाखवण्यासारखे आहे. नोकरीच्या व्हिसाचे काम बहुतांशी कागदोपत्री चालते आणि इमिग्रेशन कोर्टात उभे राहण्याचा प्रसंग अशा वकिलावर क्वचितच येतो. एकट्या आलेल्या मुलांची किती प्रकरणे चालवली, हे त्याला थेट विचारावे.

खाजगी वकिलाशी होणारा फीचा करार ओळीने वाचावा. त्यात एखादा अर्ज भरण्याचाच उल्लेख असेल, तर प्रत्येक तारखेला हजर राहणे, राज्याच्या न्यायालयातले काम आणि अपील हे सगळे बाहेर राहते आणि त्याचे पैसे वेगळे लागतात. इमिग्रेशन कोर्टात ‘ई-२८’ हा फॉर्म म्हणजे आपल्याकडचे वकीलपत्र. तो दाखल झाला की न्यायाधीशांच्या परवानगीशिवाय वकिलाला प्रकरण सोडता येत नाही. कागद तयार करून देण्यापुरती मर्यादित मदत करण्याचीही मुभा वकिलाला आहे. तशी मदत घेतली, तर सुनावणीत कानाला हेडफोन लावून दुभाष्याचे ऐकत मूल एकटेच उभे राहते. फी कमी सांगितली गेली, तर ती यातल्या कोणत्या कामाची आहे हे आधी पाहावे.

निवडीचा माझा निकष मात्र फी नाही, तर मुलाची जन्मतारीख आहे. आई किंवा वडिलांनी अत्याचार केला, सोडून दिले किंवा हेळसांड केली, अशा मुलांसाठी १९९० च्या कायद्याने एक खास दर्जा ठेवला आहे; वकील त्याला ‘एसआयजे’ म्हणतात. त्यासाठी आधी राज्याच्या कुटुंब किंवा बाल न्यायालयाचा आदेश लागतो, आणि तो मिळाल्यावरच केंद्राकडे अर्ज करता येतो. त्या न्यायालयाचा अधिकार किती वयापर्यंत चालतो, हे राज्यावर अवलंबून असते. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात पालकत्वाचे प्रकरण २१ व्या वर्षापर्यंत चालू शकते. टेक्सासमध्ये १८ पूर्ण झाले की हा दरवाजा जवळपास बंद होतो. मूल बारा वर्षांचे असेल, तर चांगल्या संस्थेच्या यादीत थांबणे शहाणपणाचे, फक्त मधल्या तारखा चुकता कामा नयेत. टेक्सासमधल्या साडेसतरा वर्षांच्या मुलाला ते परवडणारे नाही. तिथे कर्ज काढूनही खाजगी वकील करावा. पण बरेच इमिग्रेशन वकील राज्याच्या न्यायालयात काम करत नाहीत, त्यामुळे कौटुंबिक कायद्याचा दुसरा वकील लागतो. दोघांचा खर्च आणि दोघांमधला समन्वय हे आधीच ठरवून घ्यावे. एसआयजेचा अर्ज मंजूर झाला तरी ग्रीन कार्डासाठी पुढे कित्येक वर्षांची रांग असते, हेही मुलाला सांगून ठेवलेले बरे.

उरलेले दोन पर्याय थोडक्यात. न्याय खात्याची मान्यता असलेले प्रतिनिधी वकील नसतात, पण मान्यताप्राप्त संस्थेत काम करतात. पूर्ण मान्यता असलेल्याला कोर्टात उभे राहता येते, अंशतः मान्यता असलेल्याला नाही. खात्याच्या यादीत नाव आणि मान्यतेचा प्रकार तपासला, तर हा पर्याय उत्तम आहे. ‘सल्लागार’ किंवा नोटरी मात्र पूर्णपणे टाळावा. भारतात नोटरी बहुधा वकीलच असतो, म्हणून आपली माणसे तिथे सहज फसतात. अमेरिकेतला नोटरी सही प्रमाणित करतो, यापलीकडे त्याला कायदेशीर सल्ला देण्याचा अधिकार नाही.

कोणताही पर्याय निवडला तरी एका गोष्टीवरून घरात वाद होतो. पैसे काका भरतात, पण अशील असते मूल. वकील मुलाशी एकट्याने बोलेल आणि ते बोलणे काकांना सांगणार नाही. एसआयजेसाठी ‘वडिलांनी टाकून दिले’ असे न्यायालयात लिहून द्यावे लागते आणि नातेवाइकांना ते झोंबते. जो खाजगी वकील मुलाला बाहेर बसवून सगळे पैसे भरणाऱ्यालाच विचारतो, त्याच्याकडे जाऊ नये. संस्थांमध्ये ही शिस्त अधिक पक्की असते, हा त्यांच्या बाजूचा मोठा मुद्दा आहे. मोफत वकील असला तरी सरकारी शुल्क चुकत नाही: जुलै २०२५ च्या कायद्याने आश्रयाच्या अर्जाला किमान १०० डॉलर आणि एसआयजेच्या अर्जाला किमान २५० डॉलर लावले आहेत.

वकील ठरेपर्यंत दोन कामे स्वतः करावीत. मूल नव्या पत्त्यावर आले की पाच दिवसांच्या आत कोर्टाला पत्ताबदलाचा फॉर्म पाठवावा, आणि नोटिशीवरचा ‘ए’ क्रमांक टाकून कोर्टाच्या संकेतस्थळावर पुढची तारीख दर आठवड्याला पाहावी. वकील मिळाला नसला तरी त्या तारखेला मुलाला घेऊन हजर व्हावे आणि वकील शोधण्यासाठी मुदत मागावी.