गोधडीची किनार: सरळ कोपरा की तिरपा?

आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आल्या की जुन्या साड्यांची गाठोडी सुटतात आणि गोधड्यांचं काम निघतं. मधले तुकडे जोडून होतात, मग चारी बाजूंच्या पट्ट्यांपाशी हात थांबतो. कोपरा सरळ घ्यायचा की तिरपा? नवशिक्या बाईने सरळच घ्यावा, असं सगळे सांगतात. मला ते पटत नाही. हात किती बसला आहे त्यापेक्षा पट्टी कशाची आहे, हे आधी बघा.

सरळ कोपऱ्यात आधी दोन उभ्या बाजूंना पट्ट्या लावायच्या, मग वरची आणि खालची पट्टी त्या उभ्या पट्ट्यांच्या टोकांवरून आरपार न्यायची. तिरप्या कोपऱ्यात दोन पट्ट्या कर्णावर मिळतात, फोटोच्या चौकटीसारख्या.

मधला भाग 60 बाय 90 इंच आणि किनार 4 इंच धरू. सरळ कोपऱ्याला 90 च्या दोन आणि 68 च्या दोन, म्हणजे 316 इंच पट्टी लागते; शिलाईचं वेगळं. तिरप्याला प्रत्येक पट्टी दोन्ही टोकांना किनारीच्या रुंदीइतकी वाढवून वर 4 इंच हाताशी ठेवावे लागतात. 102 च्या दोन, 72 च्या दोन, एकूण 348 इंच. दुकानातलं कापड आणणार असाल तर हा फरक खिशाला जाणवतो. शिवाय 44 इंची पन्ह्यातून आडव्या पट्ट्या काढल्या तर प्रत्येक बाजूला जोड येतो, आणि आडवा धागा ताणला जातो तो वेगळाच. साध्या किंवा बारीक छापील कापडाला म्हणून सरळ कोपराच घ्या. तिथे तिरपा केला तरी तो कुणाला दिसणारही नाही.

साडीच्या काठाचं मात्र निराळं आहे. साडेपाच मीटरच्या साडीचा एक काठ साधारण 216 इंच भरतो. एका काठातून 102 च्या दोन, दुसऱ्यातून 72 च्या दोन पट्ट्या निघतात. एकही जोड नाही! काठ उभ्या धाग्याने विणलेला असतो, म्हणून तो सहज ताणलाही जात नाही. पदराकडे नक्षी बदलत असेल तर लांबी कमी पडते. नऊवारीत 324 इंच मिळतात, तिथे ही अडचण येत नाही. खालचा काठ पायाशी घासून विरलेला असतो, तो उजेडाकडे धरून पाहा. काठ जरीचा किंवा सिल्कचा असेल तर सुती गोधडीला लावू नका; धुतल्यावर दोन्ही कापडं सारखी आटत नाहीत.

काठाला सरळ कोपरा दिला की वेल कोपऱ्यावर अचानक तुटते, आडव्या काठाची उघडी कड मध्येच दिसते. आईची साडी असेल तर ते बघवत नाही. इथे तिरपाच कोपरा हवा, हात नवा असला तरी. नक्षीतलं एखादं फूल बाजूच्या बरोबर मध्यावर ठेवा आणि तिथून दोन्हीकडे टाचण्या लावत जा, म्हणजे समोरासमोरचे कोपरे जुळतात. शिवताना कोपऱ्याच्या पाव इंच आधी थांबून टाका पक्का करायचा. मग गोधडी कर्णावर दुमडून, दोन्ही पट्ट्या एकमेकींवर ठेवून, थांबलेल्या टाक्यापासून बाहेरच्या टोकाकडे 45 अंशांची रेघ ओढायची. त्या रेघेवर आधी कच्चा दोरा घाला, उलगडून बघा, मगच पक्की शिलाई. जास्तीचं कापड अगदी शेवटी कापा. ही शिलाई तिरक्या धाग्यावर येते, ओढली की उसवते, म्हणून मी ती दुहेरी घालते.

एक चूक दोन्हींत सारखीच नडते. माझ्या पहिल्या गोधडीला मी लांब पट्टी लावत गेले आणि उरलेली कापली. कडा भाजलेल्या पापडासारख्या वेड्यावाकड्या झाल्या. हात फिरून कड ताणलेली असते, तिच्या मापाने पट्टी लावली की किनार झोळ खाते. माप मध्यातून आणि मध्याच्या दोन्ही बाजूंना, असं तीन ठिकाणी घ्या, सरासरी काढा, पट्टीवर तेवढ्याच खुणा करा आणि मधला भाग त्या खुणांत बसवा. दोन पट्ट्या जोडाव्याच लागल्या तर काटकोनात ठेवून तिरपी शिलाई मारा. जोडाचा जाडेपणा एका जागी साचत नाही आणि धावदोऱ्याची सुई तिथे अडत नाही.