डॅशबोर्ड हिरवागार, सर्व्हर उघडे: पॅचिंगचं टूल घेताना आम्ही कसे गंडलो

सर्व्हर सांभाळायला आणि पॅच (सॉफ्टवेअरमधली भोकं बुजवणाऱ्या दुरुस्त्या) मारायला क्लाउडवरचं टूल बघत असाल तर सही करायच्या आधी हे वाचा. कंपनीचं नाव घेणार नाही, वकिलाच्या नोटिशीला उत्तरं देत बसायची हौस नाही मला.

आमच्याकडे १६० च्या आसपास सर्व्हर, थोडे विंडोज, बाकी लिनक्स, आणि सांभाळणारे आम्ही तिघं. मायक्रोसॉफ्टचे पॅच दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, लिनक्सचे कधीही, त्यामुळे रात्री जागून हाताने पॅच मारायचा वीट आला होता. सेल्सवाला आला तोच वॉनाक्रायची (फायली लॉक करून खंडणी मागणारं ते रॅन्समवेअर) गोष्ट घेऊन, की पॅच मार्च २०१७ मध्येच आला होता, हल्ला झाला मे मध्ये, मधले दोन महिने लोक झोपले होते वगैरे. गोष्ट खरीच आहे. तो माणूस शेवटपर्यंत सरळ खोटं असं काही बोललाच नाही, म्हणून तर पकडता येत नाही.

डेमो त्यांच्या लॅबमधल्या मशीनवर. मग ट्रायल, त्यात आम्ही शहाण्यांनी दहा नवेकोरे सर्व्हर दिले. जुना, डिस्क भरत आलेला, प्रॉक्सीच्या (बाहेरच्या नेटवर्ककडे जाताना लागणारा मधला सर्व्हर) मागे लपलेला, ज्याला हात लावायलाही भीती वाटते तसला एकही दिला नाही. सगळं लोण्यासारखं चाललं. केली सही.

नंतर डॅशबोर्डवर ९८ टक्के कम्प्लायंट, म्हणजे पॅच लागलेले, असं आम्ही समजलो. साहेब तो आकडा मीटिंगमध्ये दाखवायचे, आम्हीही खूश, कोण कशाला आत उघडून बघतंय.

मग ऑडिटसाठी बाहेरच्या एकाने भोकं शोधणारा स्कॅन मारला आणि चाळीसेक सर्व्हर लाल आले. सपोर्टला विचारलं तर म्हणे तुमचा स्कॅनर चुकतोय, बॅकपोर्टिंगमुळे असं दिसतं. आता बॅकपोर्टिंग हा प्रकार खरा आहे, रेड हॅटसारखे लोक व्हर्जनचा आकडा जुनाच ठेवून त्यात फक्त दुरुस्ती घालतात, आणि नुसता आकडा बघणारा स्कॅनर फसतो. म्हणून आम्ही गप्प बसलो. तीन आठवडे गेले त्यात. शेवटी आमच्यातल्या एकाने वैतागून एका सर्व्हरवर अपटाइम (रीबूट न होता किती दिवस चालू आहे ते) बघितला तर ४१२ दिवस. म्हणजे नवा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) डिस्कवर येऊन पडलेला, चालतोय मात्र जुनाच, कारण रीबूट कुणी केलाच नाही. टूलच्या लेखी पॅच 'इन्स्टॉल्ड', म्हणजे हिरवा. रीबूट बाकी आहे हे दाखवणारा कॉलम वरच्या प्लॅनमध्ये होता (ट्रायलला सगळे मॉड्यूल उघडे असतात, हे तेव्हा कुणी सांगत नाही).

मग सगळंच उकरायला घेतलं. सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सचे १२ सर्व्हर शंभर टक्के हिरवे. त्याचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, नवे पॅच येणंच बंद, मग राहिलेले पॅच शून्य, म्हणून हिरवा! मेलेल्या माणसाला ताप नाही म्हणून तब्येत उत्तम म्हणण्यासारखं झालं हे.

आणि खरी टोपी पुढेच आहे. ११ सर्व्हरवर एजंट (टूलचा प्रत्येक सर्व्हरवर बसवलेला छोटा प्रोग्रॅम) कधीचाच बंद पडला होता, डिस्क भरली म्हणून किंवा प्रॉक्सी बदलला म्हणून. ज्या मशीनचा ३० दिवस पत्ता नाही ती आपोआप 'इनॅक्टिव्ह' यादीत जाते आणि इनॅक्टिव्ह मशीन टक्केवारीत धरत नाहीत. म्हणजे जितके सर्व्हर बिघडतील तितका आकडा सुंदर. पण बिलात? बिलात ते ११ होतेच, शिवाय लोड वाढला की आपोआप उभी राहून तासाभरात मरणारी मशीनही प्रत्येक वेळी नवीन म्हणून मोजलेली. १६० च्या जागी २४० चं बिल. विचारलं तर म्हणे टर्म्समध्ये लिहिलंय. उघडून बघितलं, लिहिलेलं होतं. बंद करतो म्हणालो तर ९० दिवस आधी लेखी कळवायचं होतं, आम्ही ६० दिवस आधी जागे झालो, मग अजून एक वर्ष गळ्यात.

आता आम्ही दुसरं टूल बघताना मुद्दाम आमचे सगळ्यात रडके सर्व्हर देतो. एकावर एजंट मारून टाकतो आणि डॅशबोर्ड बोंबलतो की गप्प बसतो ते बघतो. बूटचं पार्टिशन (डिस्कवरची कर्नल ठेवायची जागा) भरून ठेवतो, बघू पॅच कसा मारतोस. कम्प्लायंट म्हणजे नक्की काय, भागिले किती मशीन, ते ईमेलवर लिहून मागतो. एका कंपनीचा माणूस त्यानंतर परत फिरकलाच नाही, आणि ज्या टूलने दुसऱ्याच दिवशी 'एजंट गायब' म्हणून लाल बावटा दाखवला त्याचा डॅशबोर्ड दिसायला अगदी भिकार आहे पण बहुतेक तेच घेऊ.

अजून एक राहिलं. ही टूल्स रूटच्या, म्हणजे सर्व्हरवरच्या सगळ्यात वरच्या हक्काने चालतात, हे विसरू नका. जुलै २०२१ मध्ये कासेया कंपनीच्या व्हीएसए या असल्याच टूलमधूनच रॅन्समवेअर खाली उतरलं होतं, कंपनीने स्वतः १५०० पर्यंत व्यवसायांना फटका बसल्याचं सांगितलं. आमचं वर्ष एकदाचं संपलं, कन्सोल (टूल चालवायचं पॅनेल) बंद झाला, आणि मग लक्षात आलं की एजंट काढायला पासवर्ड लागतो आणि तो पासवर्ड त्याच कन्सोलमध्ये होता. सपोर्टला लिहिलं तर उत्तर आलं, तुमचा सपोर्ट ॲक्टिव्ह नाही. बऱ्याच ठिकाणी हाताने खणून काढला. परवा फायरवॉलचे लॉग बघत होतो तर दोन सर्व्हर अजून दर पाच मिनिटांनी त्यांच्या घरी फोन लावतायत.