एडीएचडी: आधी गोळी की आधी वर्तनोपचार?

डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी आमच्या फ्रिजवर चुंबकाखाली पंधरा दिवस होती. मिथाइलफेनिडेट, म्हणजे एडीएचडीवरची (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यावरची) गोळी, सकाळी नाश्त्यानंतर एक. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. वर्गशिक्षिका म्हणत होत्या, उशीर करू नका. सासूबाई म्हणत होत्या, "याचा बापही अस्साच होता, झालाच ना मोठा?" त्यांचं निरीक्षण बरोबरच होतं. जुळ्यांच्या अभ्यासांवरून एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा साधारण ७४ टक्के धरतात. पण बापाने निभावलं म्हणून मुलानेही रोज डायरीत लाल शेरे आणावेत आणि वर्गात कुणी त्याला वाढदिवसाला बोलावू नये, हे मला पटेना. आज ज्यांच्या घरात अशी चिठ्ठी पडून आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

गोळीवरून वाद घालण्याआधी निदान पक्कं आहे का ते बघा. खरी घाई तिथेच होते. एडीएचडी रक्तात किंवा स्कॅनमध्ये दिसत नाही. डीएसएम-५ या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेच्या निकषांनुसार दुर्लक्षाच्या किंवा अतिचंचलतेच्या नऊपैकी किमान सहा लक्षणं कमीत कमी सहा महिने दिसायला हवीत. ती बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली हवीत, आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी हवीत. कमी ऐकू येणं, चष्म्याचा नंबर, नाकामागच्या वाढलेल्या ग्रंथींमुळे (ॲडेनॉइड) मोडणारी झोप, काही सेकंद नजर शून्यात लावणारी फिट, अध्ययन-अक्षमता, घरातला ताण. हे सगळं बाहेरून 'लक्ष नाही' असंच दिसतं. एका भेटीत, फक्त शाळेच्या फॉर्मवर निदान झालं असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही.

आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत जन्मतारीख विचारली. मुलगा डिसेंबरचा. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात शाळाप्रवेशासाठी ३१ डिसेंबर ही तारीख धरतात. तिथल्या नऊ लाखांहून अधिक मुलांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. जानेवारीत जन्मलेल्या मुलग्यांपेक्षा डिसेंबरातल्यांना एडीएचडीचं निदान होण्याचं प्रमाण ३० टक्क्यांनी जास्त होतं, मुलींमध्ये ७० टक्क्यांनी. वर्गातलं सगळ्यात लहान मूल जरा पोरकट असणारच, त्याला आजार ठरवलं गेलं. महाराष्ट्रातही अलीकडे पहिलीच्या प्रवेशाला ३१ डिसेंबरचीच तारीख धरतात. म्हणून तुमचं मूल ऑक्टोबर ते डिसेंबरमधलं असेल तर हा मुद्दा स्वतःहून काढा. आमच्या बाबतीत तुलना वयाच्या बरोबरीच्या मुलांशी करूनही निदान टिकलं.

आता गोळी. मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक, म्हणजे मेंदूला चालना देणारं औषध. त्याचा परिणाम तासाभराच्या आत सुरू होतो आणि साधी गोळी तीन-चार तास चालते. लांब चालणाऱ्या गोळ्याही आहेत. उपयोग होतोय की नाही ते काही आठवड्यांत, डोस बसवता बसवता कळतं. पहिल्याच उत्तेजक औषधाने साधारण ७० टक्के मुलांना फरक पडतो. दुसरं औषध ॲटोमॉक्सेटिन. ते उत्तेजक नाही, पण पूर्ण परिणामाला चार ते सहा आठवडे लागतात. (अमेरिकेतून परतणाऱ्या कुटुंबांनी लक्षात ठेवावं, तिकडचं ॲडरॉल हे एडीएचडीचं औषध इथे मिळत नाही.) मिथाइलफेनिडेट सगळ्या मेडिकलमध्ये नसतं, दुकानदार चिठ्ठी नीट तपासूनच देतो. ते योग्यच आहे.

किंमत मोजावी लागते ती भुकेत. दुपारचा डबा जवळजवळ तसाच परत यायचा. पोळीचा फक्त एक कोपरा टोकरलेला. मग आम्ही गोळीआधी तुपाचं थालीपीठ आणि दही द्यायला लागलो, आणि रात्री नऊला भूक परत आली की दुसरं जेवण. झोप उशिरा लागणं, पोट दुखणं, परिणाम उतरताना चिडचिड, हेही होतं. नाडी आणि रक्तदाब किंचित वाढतात, म्हणून घरात कुणाला लहान वयात हृदयविकार असेल तर सुरू करण्याआधीच सांगा. उंची-वजन नियमित मोजत राहायला हवं.

वर्तनोपचार म्हणजे मुलाला आठवड्यातून एकदा कुठेतरी सोडून यायचं, असं मला वाटलं होतं. तसं नाही. लहान मुलांच्या बाबतीत त्यात शिकायचं असतं आईबापांनी आणि बाईंनी. एका वेळी एकच सूचना, चांगलं वागल्याबरोबर लगेच कौतुक, ठरलेल्या गोष्टीचे ठरलेलेच परिणाम. मुलगा रोज शाळेत न्यायचा त्या कार्डावर तीनच ओळी होत्या: वही बाहेर काढली, हात वर करून बोललो, डबा परत आणला. बाई रोज खूण करायच्या, घरी त्यावर गोष्ट किंवा सायकलची एक फेरी. याचे दुष्परिणाम जवळजवळ नाहीत. पण वेळ लागतो, पैसे लागतात, लहान गावात प्रशिक्षित माणूस मिळत नाही आणि साठ मुलांच्या वर्गात बाईंकडून रोजची खूण मागणं सोपं नाही. घरातली भांडणं आणि हट्ट याने चांगले कमी होतात. मूळ दुर्लक्षावर मात्र गोळीइतका जोर चालत नाही.

दोन्हींची समोरासमोर तुलना करणारा सगळ्यात मोठा अभ्यास अमेरिकेतला, एमटीए नावाचा. सात ते नऊ वर्षांची ५७९ मुलं, चौदा महिने, निकाल १९९९ मध्ये. मूळ लक्षणांवर काटेकोर औषधोपचार वर्तनोपचारापेक्षा सरस ठरला. दोन्ही मिळून दिले तिथे कमी डोस पुरला आणि आईबापांशी असलेलं नातंही सुधारलं. तिसऱ्या वर्षी गटांमधला फरक मात्र उरला नाही. तोवर जो तो आपल्या मर्जीने उपचार घेत होता, त्यामुळे 'गोळी फुकट' असा अर्थ यातून निघत नाही. पण आज लक्ष लागलं म्हणजे पुढची दहा वर्षं मार्गी लागली, असंही कुणी सांगू नये. नव्याने औषध सुरू झालेली मुलं तीन वर्षांत औषध न घेणाऱ्यांपेक्षा सुमारे दोन सेंटीमीटर कमी वाढली, हेही त्यातच दिसलं.

मूल सहाच्या आतलं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: आधी पालक-प्रशिक्षण. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेची २०१९ची सूचनाही चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी हेच सांगते. सहाच्या पुढे, त्रास सौम्य असेल आणि शाळा साथ देत असेल, तर दोन-तीन महिने वर्तनोपचार करून बघा. पण मूल रस्त्यावर धावत सुटतंय, मार खातंय, स्वतःला 'मी वाईटच आहे' म्हणायला लागलंय, तर लोक काय म्हणतील या भीतीने गोळी लांबवू नका. आम्ही लांबवली, आणि ते वाक्य मी माझ्या मुलाच्या तोंडून ऐकलं.

आणि शाळा म्हणाली की गोळी सुरू केल्याशिवाय वर्गात बसवणार नाही, तर ते लेखी मागा. गोळीचा निर्णय डॉक्टरांनी आणि तुम्ही घ्यायचा आहे.