जपानी कंपनीतल्या आमच्या टीमसाठी लावलेलं कल्चर ट्रेनिंग: ५ पैकी साडेतीन

आमची कंपनी जपानी मालकीची, कन्व्हेयर आणि मटेरियल हँडलिंगची मशिनं बनवते, डिझाईन ऑफिस अंधेरी ईस्टला एमआयडीसीत. मी मेकॅनिकल डिझाईनला आहे, अकरा वर्षं झाली. गेल्या वर्षी आमचं आणि जपानहून आलेल्या मॅनेजर लोकांचं इतकं बिनसलं की कामाला चांगली असलेली चार पोरं सोडून गेली, आणि मग एचआरने बाहेरच्या एका संस्थेचं दोन दिवसांचं कल्चर ट्रेनिंग लावलं. संस्थेचं नाव देत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत. दुसऱ्या कंपन्यांतल्या दोनतीन मैत्रिणींनी विचारलं की हे घेण्यासारखं आहे का, म्हणून सविस्तर लिहितेय.

पहिल्या दिवसाची सकाळ वाया गेली, स्पष्टच सांगते. ट्रेनर मॅडमनी हॉफस्टेड या डच संशोधकाचे आकडे स्क्रीनवर लावले, पॉवर डिस्टन्समध्ये, म्हणजे साहेब आणि हाताखालचे यांच्यातलं अंतर लोक किती मानतात त्यात, भारत ७७ आणि जपान ५४, अनिश्चितता टाळण्यात जपान ९२ आणि आपण ४०, आणि त्याच्यावरच दोन तास. आता हे काम सुरू झालं ते आयबीएमच्या निरनिराळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांच्या सर्व्हेवरून, १९६७ ते १९७३ मधल्या. तेव्हा माझे बाबा शाळेत होते. त्यावरून डोंबिवलीची मी आणि नागोयाचे आमचे मॅनेजर आज एकमेकांशी कसे वागणार ते कसं कळणार? माझ्या शेजारच्या नव्या मुलाने तर वहीत लिहून घेतलं, जपानी लोक रिस्क घेत नाहीत. म्हणजे समोरच्याला नीट न बघताच शिक्का मारायचा, आणि नेमकी तीच सवय मोडायला आम्ही तिथे बसलो होतो.

जेवणानंतर मात्र सगळं बदललं. मॅडमनी जोड्या पाडल्या, एक जण मॅनेजर, एक जण इंजिनियर. प्रश्न एकच, शुक्रवारपर्यंत ड्रॉइंग मिळेल का? आणि इंजिनियरला आधीच माहितीये की मिळणार नाही. कोणीच नाही म्हणालं नाही. हो सर, करतो सर, होऊन जाईल, बघतो, ट्राय करतो. मॅडमनी सगळी उत्तरं बोर्डावर लिहिली आणि एकेकाला विचारलं, याचा अर्थ काय? आमचा अर्थ होता की तुमचं म्हणणं ऐकलं, तुमचा मान ठेवला, जमेल तेवढं करतो. आणि समोर जपानी मॅनेजर असेल तर त्याच्या डायरीत शुक्रवार लिहिला गेलेला असतो, तोही पुढे नागोयाला कळवून झालेला. मग त्यांची बाजू घेतली. ते मीटिंगमध्ये हाय हाय, म्हणजे हो हो, करत मान हलवतात ते पटलं म्हणून नाही, ऐकतोय एवढंच. मुझुकाशीई म्हणजे शब्दशः अवघड आहे, पण बहुतेक वेळा ते नाहीच असतं. आणि केन्तो शिमासु, म्हणजे विचार करतो, त्याचाही अर्थ बरेचदा नाही. मी एका मोटरच्या प्रपोजलवर तीन आठवडे या केन्तो शिमासुची वाट बघत होते, रोज मेल उघडून बघायचे. तिथे बसल्या बसल्या कळलं की उत्तर मला पहिल्याच दिवशी मिळालेलं होतं.

नंतर मॅडमनी आमच्याच ऑफिसातली एखादी खरी घटना मागितली आणि मी ब्रॅकेटची, म्हणजे मशिनचे भाग धरून ठेवणाऱ्या आधाराची, सांगितली. आपण इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला ड्रॉइंग शिकतो ते फर्स्ट अँगल प्रोजेक्शनमध्ये, जपानी ड्रॉइंग येतं थर्ड अँगलमध्ये, या वस्तूच्या बाजू कागदावर मांडायच्या दोन पद्धती. फर्स्ट अँगलमध्ये उजव्या बाजूचा व्ह्यू डावीकडे काढतात, थर्डमध्ये उजवीकडेच. टायटल ब्लॉकमध्ये त्याचं छोटंसं चिन्ह असतं, कापलेल्या शंकूचं, ते बघितलं नाही तर पार्ट आरशात दिसतो तसा उलटा बनतो. आमच्या वसईच्या व्हेंडरकडे तसंच झालं, चौदा ब्रॅकेट उलटे. ड्रॉइंग पाठवताना त्याला सांगायचं काम माझं होतं आणि मी सांगितलं नाही, चूक माझीच. पण त्यानंतर मी आणि माझ्या सीनियरने तीन दिवस कोणाला कळू न देता ते दुरुस्त करायला बघितलं, रात्री फोन, व्हेंडरच्या पाया पडणं, दुसरं मटेरियल शोधणं, सगळं झालं. आमचा विचार साधा होता, प्रॉब्लेम घेऊन साहेबांकडे जायचं नाही, सोल्युशन घेऊन जायचं. चौथ्या दिवशी सांगितलं तेव्हा मॅनेजर एवढे गप्प झाले की मला वाटलं नोकरी गेली.

त्यांना ब्रॅकेटचं काही वाटलंच नव्हतं, ते लपवलेले तीन दिवस मनाला लागले होते. जपानी ऑफिसात होरेन्सो म्हणून एक गोष्ट नव्या माणसाला पहिल्याच वर्षी शिकवतात, होकोकु म्हणजे रिपोर्ट देणं, रेनराकु म्हणजे माहिती कळवणं, सोदान म्हणजे सल्ला घेणं. होरेन्सो म्हणजे पालकाची भाजी पण, म्हणून पटकन लक्षात राहतं. वाईट बातमी आधी, अर्धवट असली तरी, उपाय नसला तरी. आम्ही जे जबाबदारीने वागणं समजत होतो ते त्यांच्या लेखी लपवणं होतं. अकरा वर्षांत हे मला कोणी समोर बसवून सांगितलं नव्हतं, रडूच आलं थोडं. या एका तासासाठी मी साडेतीनातले दोन मार्क देते.

आता मोठी तक्रार. मॅनेजर लोक आले फक्त दुसऱ्या दिवशी दुपारी, सातातले चार, त्यातले एक लॅपटॉपवरून. दीड दिवस आम्हाला शिकवलं की त्यांच्याशी कसं वागायचं, त्यांना आमच्याबद्दल तीन तास. संस्थेने असा कार्यक्रम कबूलच करायला नको होता असं माझं स्पष्ट मत आहे, कारण ते तीन तासच बाकी सगळ्यापेक्षा जास्त कामाचे ठरले. नागोयाच्या साहेबांनी स्वतः उठून नेमावाशी समजावली. शब्द माळीकामातला, झाड हलवायच्या आधी मुळांभोवतीची माती मोकळी करायची. ते मीटिंगच्या आधीच एकेकाला वेगळं भेटून बोलून घेतात, मग कागद सगळ्यांच्या सहीशिक्क्यासाठी फिरतो, मीटिंगला येईपर्यंत निर्णय झालेला असतो. म्हणून मी मीटिंगमध्ये हरकत घेतली की सगळे गप्प, आणि मला वाटायचं बाईमाणूस बोलली म्हणून. ते म्हणाले, दोन दिवस आधी माझ्या टेबलपाशी या. मग आमच्यातला एक जण धीर करून बोलला की तुम्ही गप्प बसता तेव्हा आम्हाला वाटतं की आमच्यावर फुली मारली. साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं, मान खाली घालून, हळूहळू.

पण माती मोकळी करायचं हे काम आमच्या ऑफिसात होतं कुठे? टेबलपाशी थोडं, आणि बाकी नोमिकाईला, म्हणजे ऑफिस सुटल्यावर पवईतल्या हॉटेलात पिणं आणि गप्पा. मॅनेजर लोक तिथेच राहतात, कंपनीच्या गाड्या आहेत. मला मेट्रोने घाटकोपर, तिथून सेंट्रलची गाडी, घरी पोचायला दीड तास, मुलाचा अभ्यास, सासूबाईंचं जेवण. साडेअकराला मी डोंबिवली स्टेशनवर उतरायचं का? मी पीत नाही हा भाग वेगळाच. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला यावं तर पुरुष सहकाऱ्यांना आधीच माहिती असतं की गिअरबॉक्स कुठला घ्यायचा ठरला. मी हे चिठ्ठीवर लिहून दिलं. मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, विषय सेन्सिटिव्ह आहे, आपण नंतर वेगळं बोलू. नंतर कोणीच बोललं नाही. बाईने बाईचा हा प्रश्न बाजूला ठेवावा याचं मला फार वाईट वाटलं. हीच चर्चा दुपारच्या जेवणाला करता येते, एवढं एक वाक्य त्यांनी साहेबांसमोर म्हटलं असतं तरी खूप होतं.

गाड्यांच्या लेटचा विषय मात्र छान निघाला. जपानमध्ये ट्रेन उशिरा आली की रेल्वेच प्रवाशाला उशिराचा दाखला देते, तो ऑफिसात दाखवायचा. म्हणजे दाखला नसला तर चूक माणसाची असं त्यांच्या डोक्यात बसलेलं. आपल्याकडे पावसात कुर्ला-सायनला पाणी भरलं की कोण कुठला दाखला देणार! आता ठरलंय की गाडी अडकली तर ग्रुपवर लगेच मेसेज टाकायचा, आणि दोन महिन्यांत एकदाही कोणी तोंड वाकडं केलेलं नाही. गणपतीचंही बोलणं झालं. त्यांना कळत नव्हतं की सणाची तारीख दरवर्षी बदलते कशी, त्यांच्याकडे १८७३ पासून इंग्रजी कॅलेंडर आहे आणि नवीन वर्षही १ जानेवारीलाच. आता आमच्या प्लॅनिंग शीटमध्ये गणपती आणि दिवाळी आधीपासून लाल रंगात आहेत, त्यांच्या सलग सुट्ट्यांच्या गोल्डन वीकच्या शेजारी.

बाकी जागा चकाल्याला मेट्रोजवळ, सोयीची, एसी फार गार. जेवण ठीक. पुस्तिका इंग्रजीत आणि नुसत्या तक्त्यांची, मी परत उघडली नाही. पैसे कंपनीने भरले त्यामुळे महाग की स्वस्त ते मी सांगू शकत नाही.

घेणार असाल तर बुकिंगच्या आधी तीन गोष्टी लेखी मागा: परदेशी मॅनेजर दोन्ही दिवस पूर्ण वेळ बसतील, आकड्यांच्या स्लाइडऐवजी तुमच्या ऑफिसातल्या घटना घेतील, आणि ऑफिसनंतरच्या बैठकांचा विषय बायकांसमोर उघड बोलला जाईल. तीन महिन्यांनी फॉलोअप सेशन देणार होते. त्यासाठी मी काल एचआरला आणि नागोयाच्या साहेबांना एकाच मेलमध्ये लिहिलंय, नोमिकाईचा मुद्दा पहिल्या ओळीत घालून. साहेबांचं उत्तर आलं, उद्या जेवायच्या सुट्टीत भेटूया.