सासऱ्यांचा जेसी जेम्स आणि थुंकीची नळी: एका डीएनए किटचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, ज्या एका प्रश्नासाठी हे किट घेतलं त्याचं उत्तर किटने दिलंच नाही, ते एका फुकटच्या कागदावर सापडलं. तरी मी 5 पैकी 3 स्टार देतेय. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण या धंद्यातल्या बऱ्याच कंपन्या थोड्याफार फरकाने हेच विकतात, तुम्ही कुठलंही घ्या, अनुभव साधारण असाच येईल.

तर झालं असं की माझा नवरा अमेरिकन, मिझुरीचा, आडनाव जेम्स. लग्नानंतरच्या पहिल्याच थँक्सगिव्हिंगला सासऱ्यांनी मला बाजूला घेऊन फार मोठं गुपित सांगावं तसं सांगितलं की त्यांचे पणजोबा आणि जेसी जेम्स कझन होते. मी विचारलं कझन म्हणजे कोण, चुलत की आते की मामे की मावस, तर ते नुसतेच माझ्याकडे बघत राहिले. इंग्रजीत सगळे कझन, सगळ्या अंकल-आंटी, त्यामुळे हे लोक चार पिढ्या निवांत काहीही सांगू शकतात, कुणी उलट विचारतच नाही. "बहुतेक वडिलांकडून," असं शेवटी म्हणाले. म्हणजे चुलतभाऊ. पुरावा काय, तर आडनाव जेम्स आणि गाव मिझुरीत. सासूबाई तिकडून प्लेट्स उचलता उचलता म्हणाल्या, मिझुरीतले सगळेच जेम्स हेच सांगतात, तू मनावर घेऊ नकोस.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जेसी जेम्स म्हणजे तिकडचा सगळ्यात गाजलेला दरोडेखोर. 1847 ला मिझुरीतल्या क्ले काउंटीत जन्म, बाप बॅप्टिस्ट धर्मोपदेशक. यादवी युद्धात हा पोरगा दक्षिणेच्या बाजूच्या गनिमी टोळ्यांत होता, युद्ध संपल्यावर भाऊ फ्रँक आणि यंगर बंधूंबरोबर बँका आणि रेल्वे लुटत फिरला, आणि 3 एप्रिल 1882 ला सेंट जोसेफ गावात टोळीतल्याच बॉब फोर्डने बक्षिसाच्या लोभाने त्याला पाठीमागून गोळी घातली. सासऱ्यांच्या मते तो श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटायचा. वाटल्याचा पुरावा कुठेही नाही हो. जेम्सांच्या शेतावर गुलाम राबत होते, आणि 1876 ला मिनेसोटातल्या नॉर्थफील्डला या टोळीने हेवूड नावाच्या बँक कर्मचाऱ्याला तिजोरी उघडत नाही म्हणून ठार मारलं, तो काही सावकार नव्हता, नोकरी करणारा माणूस होता. हे मी सासऱ्यांना सांगितल्यावर त्यांनी विषय बदलला.

सासऱ्यांचा सत्तरावा वाढदिवस आला तेव्हा म्हटलं चला, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. सेलमध्ये 59 डॉलरला एक अशी दोन किट घेतली, एक त्यांच्यासाठी एक नवऱ्यासाठी. पॅकिंग छान, सूचना सोप्या, अर्धा तास आधी काही खायचं-प्यायचं नाही आणि मग नळीत रेषेपर्यंत थुंकायचं, फेस धरायचा नाही. वाचायला सोपं वाटतं पण सासऱ्यांना वीस मिनिटं लागली, कारण मध्येच त्यांना हसू यायचं. नळीवरचा नंबर ऑनलाइन रजिस्टर केल्याशिवाय पाठवू नका, हे बारीक अक्षरात लिहिलंय, ते मोठ्या अक्षरात हवं होतं. सहा आठवड्यांत निकाल आला. इथपर्यंत पाच स्टार.

आणि मग अ‍ॅपने घोळ घातला.

नवऱ्याच्या फोनवर नोटिफिकेशन, की तुमचा आणि जेसी जेम्सचा मातृवंश एकच आहे! खाली टोपीवाल्या माणसाचं चित्र, कुठल्यातरी झाडाच्या फांद्या, शेअर करायचं बटण. नवऱ्याने ते वडिलांना पाठवलं, वडिलांनी अख्ख्या गावाला. मी ऑफिसातून घरी येईपर्यंत सासरे तीन राज्यांतल्या नातेवाइकांशी फोनवर बोलून मोकळे झाले होते. मी मात्र "मातृवंश" या शब्दाशीच अडकले.

हे जरा नीट सांगते कारण पैसे वाचतील तुमचे. डीएनए टेस्ट तीन प्रकारच्या असतात. एक वाय-डीएनए, ती फक्त बापाकडून मुलाला जाते, म्हणजे वडील, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा अशी सरळ रेघ, आडनाव जसं चालतं तशी. दुसरी मायटोकॉन्ड्रियल, ती आईकडून सगळ्या मुलांना मिळते पण पुढे फक्त मुली देतात, म्हणजे आई, आजी, पणजी. आणि तिसरी ऑटोसोमल, सगळ्या बाजूंचं मिसळलेलं, सेलमध्ये मिळते ती हीच, आमच्या कंपनीने तिच्यासोबत मातृवंशाचा गट, म्हणजे आईच्या रेघेने मागे जाऊन एकाच जुन्या बाईपाशी पोचणाऱ्या लोकांचा गट, फुकट सांगितला होता इतकंच.

आता जेसीचा डीएनए जगाला माहीत आहे तो कुठून, तर त्याच्यानंतर बरेच म्हातारे "मीच खरा जेसी, मी मेलोच नव्हतो" असं म्हणत उगवले, म्हणून 1995 ला कीर्नीमधली त्याची कबर उकरली, आणि दातांमधून मिळालेला मायटोकॉन्ड्रियल डीएनए त्याच्या सुझन नावाच्या बहिणीच्या वंशजांशी ताडून बघितला. जुळला. गट निघाला टी2. पण तो डीएनए जेसीला कुणाकडून आला, त्याच्या आईकडून, झेरेल्डा कोलकडून. जेम्स घराण्याचा त्याच्याशी काही संबंधच नाही! आणि माझ्या नवऱ्याला टी2 कुणाकडून आला, त्याच्या आईकडून. म्हणजे माझ्या सासूबाईंकडून. ज्यांचं माहेर हर्मन गावाकडचं जर्मन शेतकऱ्यांचं, आणि ज्या गेली चाळीस वर्षं या गोष्टीला नाक मुरडत आल्यात.

जेवणाच्या टेबलावर मी हे कागदावर रेघा काढून समजावलं तेव्हा सासरे गप्प झाले आणि सासूबाई उठून उभ्याच राहिल्या. "म्हणजे चोर माझ्या बाजूचा?" तसंही नाही हो, टी2 हा युरोपात असंख्य लोकांचा गट आहे, ती सामाईक बाई हजारो वर्षांपूर्वीची, तिच्या हिशोबाने अर्धं गाव एकमेकांचं नातेवाईक. पण हे अ‍ॅपवर कुठे लिहिलंय? लिहिलंय, चार स्क्रीन खाली, राखाडी अक्षरात. यासाठी मी एक स्टार कापला, आणि खरं तर दोन कापायला हवे होते.

आता मॅच लिस्टबद्दल, म्हणजे ज्यांचा डीएनए आपल्याशी थोडाफार जुळतो त्या लोकांची यादी. ही मात्र या किटची खरी ताकद. सासऱ्यांच्या यादीत हजारो लोक आले, प्रत्येकापुढे किती सेंटीमॉर्गन (सामाईक डीएनए मोजायचं माप) सामाईक ते लिहिलेलं, सख्खा चुलतभाऊ असेल तर साधारण साडेआठशे, त्याच्या पुढच्या पिढीला सव्वादोनशेच्या आसपास, त्याच्याही पुढच्या पिढीला सत्तर-पंचाहत्तर. पण आमचा दावा किती लांबचा आहे बघा. पणजोबा आणि जेसी चुलतभाऊ असतील तर जेसीची पतवंडं आणि माझे सासरे एकाच पिढीतले, इंग्रजीत ज्याला फोर्थ कझन म्हणतात. आणि इतक्या लांबच्या खऱ्याखुऱ्या नात्यातसुद्धा जवळपास निम्म्या वेळा काहीच सामाईक डीएनए दिसत नाही. म्हणजे यादीत जेसीचा वंशज नसला म्हणून नातं नाही असं होत नाही, आणि असला तरी ते नातं याच बाजूने आलं हे सिद्ध होत नाही. त्यात परत जेसीने लग्न केलं ते आतेबहिणीशी, तिचंही नाव सासूच्याच नावावरून झेरेल्डा, त्यामुळे त्याच्या मुलांमध्ये जेम्स रक्त दोन्हीकडून, सेंटीमॉर्गनचा हिशोब आणखीच बिघडतो. (आतेबहीण हा शब्द मी सासऱ्यांना शिकवला. आता ते वापरतात, चुकीच्या ठिकाणी.)

मग मी म्हटलं आडनावाचाच प्रश्न आहे ना, तर वाय टेस्ट करू. वेगळ्या ठिकाणी, 37 मार्करची (म्हणजे वाय-डीएनएवरच्या 37 जागा तपासणारी), शंभरच्या वर डॉलर गेले, यात थुंकायचं नाही, गालाच्या आतून काडी फिरवायची. ताडायचं कुणाशी हा प्रश्न पैसे भरल्यावर सुचला, हा माझा मूर्खपणा. कारण जेसीच्या जगलेल्या एकुलत्या एक मुलाला चार मुलीच झाल्या, आणि फ्रँकच्या मुलाला मूलच नव्हतं. म्हणजे ज्याच्या आडनावासाठी ही सगळी धावपळ चालली होती त्याच्या आडनावाची सरळ रेघ कधीच संपली, जेसीचे आज जे वंशज आहेत ते मुलींकडून आलेले. वंशाचा दिवा म्हणून छाती पिटणाऱ्यांना हे जरूर सांगा. वाय ताडायचा तर जेसीच्या चुलत्यांच्या मुलांच्या मुलांच्या घराण्यात जावं लागतं. वाय टेस्टच्या मॅच यादीत जेम्स आडनावाचा एकही माणूस आला नाही, पण त्यावरूनही छातीठोक काही सांगता येत नाही, टेस्टच केली नसेल त्यांच्यापैकी कुणी.

बरं, जेम्स हे आडनावही असं की मूळचं पहिलं नाव, वेल्समध्ये बापाचं नाव आडनाव म्हणून चिकटत गेलं, त्यामुळे एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली जेम्स घराणी ढिगाने आहेत, आपल्याकडे सगळे पाटील भाऊबंद नसतात तसंच.

शेवटी उत्तर मिळालं ते फॅमिलीसर्चवर. ही साइट फुकट आहे, मॉर्मन चर्च चालवतं, अकाउंट काढायचं की झालं. मी सासऱ्यांकडून सुरुवात करून मागे मागे गेले, 1950 च्या जनगणनेत त्यांचे वडील, मिझुरीची 1910 नंतरची मृत्यू प्रमाणपत्रं तर राज्याच्या अर्काइव्हजने स्वतःच ऑनलाइन फुकट ठेवलीयत, त्यात आई-बापाची नावं असतात, त्यावरून आजोबा. 1890 ची जनगणना जवळजवळ सगळी गेलेली, 1921 च्या आगीमुळे, तिथे सगळेच अडकतात, वीस वर्षांची उडी मारावी लागते. मग 1880. नुसतं जेम्स टाकून पणजोबा सापडेचनात, दोन रात्री गेल्या, मग आडनाव कुणीतरी "जेन्स" असं वाचून टाइप केलंय हे लक्षात आलं. तेव्हा मूळ पानाचा फोटो उघडून स्वतः वाचा, टाइप केलेल्यावर विश्वास ठेवू नका.

1880 ची जनगणना अशी पहिली, जिच्यात प्रत्येक माणसापुढे त्याच्या आईचा आणि बापाचा जन्म कुठला हे विचारलंय. पणजोबा मेकन काउंटीत, बेव्हियर गावाजवळ, धंदा कोळसा खाणीत मजूर, वय 28. आणि पुढच्या तीन रकान्यांत एकाखाली एक नाही, एकाशेजारी एक: वेल्स, वेल्स, वेल्स. स्वतः वेल्सचे, बाप वेल्सचा, आई वेल्सची. बेव्हियरला वेल्सचे खाण कामगार पुष्कळ आले होते, हे त्यांच्यातलेच. आणि जेसीचा बाप जन्मला केंटकीत, आजोबा व्हर्जिनियाचे, म्हणजे ते घराणं अमेरिकेत जुनं झालेलं. चुलतभाऊ व्हायला आजोबा एक लागतो, इथे दोघांच्या आजोबांमध्ये अख्खा अटलांटिक. खर्च शून्य डॉलर.

मी ते पान प्रिंट करून दिलं. सासरे बराच वेळ बघत बसले. मला वाटलं वाईट वाटलं असेल, पण म्हणाले, हा माणूस अठ्ठाविसाव्या वर्षी जमिनीखाली काम करत होता आणि मला याचं नावसुद्धा धड माहीत नव्हतं. मग पाच मिनिटांनी म्हणाले, वेल्समध्ये पण दरोडेखोर असतीलच ना.

तर स्टारचा हिशोब. मॅच लिस्ट उत्तम, तिच्यातून सासऱ्यांच्या मावशीची नात सापडली, तिच्याकडे जुने फोटो होते, त्यासाठी तीन स्टार पक्के. सेलिब्रिटी नातेवाईक हे फीचर बंद करून टाका, सेटिंगमध्ये मिळतं. सबस्क्रिप्शनची 14 दिवसांची फुकट ट्रायल घेतलीत तर तेराव्या दिवसाचा अलार्म लावा, माझ्याकडून एक महिन्याचे पैसे कापले गेले आणि सपोर्टने "धोरणानुसार" एवढं एकच उत्तर चार वेळा पाठवलं. रॉ डेटा (आपल्या डीएनएच्या निकालाची मूळ फाइल) डाउनलोड करून घ्या, जेडमॅच या वेगवेगळ्या कंपन्यांचे निकाल एकमेकांशी ताडणाऱ्या साइटवर फुकट टाकता येतो, पण आधी घरच्यांना विचारा, कारण 2018 ला कॅलिफोर्नियात जुन्या खुनांचा आरोपी पोलिसांनी तिथेच लांबच्या नातेवाइकांच्या डेटावरून शोधला होता. वाईट झालं असं मी म्हणत नाही, पण थुंकणारा एकटाच असला तरी माहिती अख्ख्या खानदानाची जाते.

गेल्या आठवड्यात एक पार्सल आलं, मला वाटलं माझंच काहीतरी. सासूबाईंनी माझ्या पत्त्यावर मागवलं होतं, सासऱ्यांना कळू नये म्हणून. पूर्ण मायटोकॉन्ड्रियल सिक्वेन्सची टेस्ट. म्हणाल्या, नुसतं टी2 म्हणजे काहीच नाही असं तूच म्हणालीस ना, मग पुढचं बघू या की.