ऊन, बांगडा की ६०,००० युनिटचं पाकीट?

रक्ताच्या रिपोर्टात ड जीवनसत्त्व १४ (नॅनोग्रॅम/मिली) आलं, आता औषध घ्यायचं की उन्हात बसायचं? फोंड्यात आमच्या वाड्यावर सध्या घरोघरी हाच प्रश्न आहे.

गोव्यात राहून ऊन कमी पडेल कसं, असं आईही म्हणायची. पण ती अंगणात उतरते सकाळी सातला, तुळशीला पाणी घालायला. त्या कोवळ्या उन्हात ड जीवनसत्त्व जवळजवळ बनतच नाही. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते, साधारण अकरा ते दोन, तेव्हाचं ऊन लागतं, तेही थेट अंगावर. काचेतून आलेलं चालत नाही. सावळ्या त्वचेला वेळ जास्त लागतो. फुकटचा आणि अतिमात्रा न होणारा मार्ग हाच, पण दुपारी ऑफिसात असणाऱ्याला तो जमणार कसा?

बांगडे, तारले यांत ड जीवनसत्त्व असतं, पण खालावलेली पातळी केवळ ताटातल्या मासळीने भरून काढणं कठीण. शिवाय १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, पाठोपाठ श्रावण, आणि आभाळही भरलेलं. ऊन आणि मासळी दोन्ही एकदमच आटतात.

राहिलं औषध. पातळी २०च्या खाली आणि हाडं दुखतात, जिना चढताना मांड्यांत बळ नाही, अशांना ते खरोखर उपयोगी पडतं. नुसता थकवा असेल तर मी फार आशा ठेवणार नाही. अमेरिकेत २५,८७१ जणांवर सुमारे पाच वर्षं चाचणी झाली. रोज २,००० युनिट घेऊनही कर्करोग, हृदयविकाराचे झटके किंवा हाडं मोडणं कमी झालं नाही. मात्र त्यांतल्या बहुतेकांना कमतरता नव्हतीच, हे विसरू नये.

आठवड्यातून एकदा ६०,००० युनिटच्या पुडीचं पाकीट की रोजची १,००० युनिटची गोळी? पाकिटाने पातळी लवकर चढते, म्हणून कमतरतेत ते सहसा आठ आठवडे देतात. धोका पुढे आहे. आईच्या चिठ्ठीवर शेवटची तारीख नव्हती, म्हणून ती वर्षभर घेत राहिली. तहान, बद्धकोष्ठ, सारखी लघवी. तपासलं तर रक्तात कॅल्शियम वाढलेलं. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदाच ५ लाख युनिट दिले, तर त्या जास्त पडल्या आणि हाडंही जास्त मोडली. तो अभ्यास २०१०चा.

म्हणून पाकीट घ्यायचं तर चिठ्ठीवर आठव्या आठवड्याची तारीख लिहून घ्या. मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. तक्रार काहीच नसेल तर तपासणीवर पैसे घालू नका. २०२४च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनाही निरोगी माणसाची सरसकट तपासणी नको म्हणतात. पंचाहत्तरीनंतर मात्र त्या औषध सुचवतात, आणि मोठ्या डोसापेक्षा रोजचा छोटा बरा म्हणतात. आई ७६ची. कॅल्शियम खाली आल्यावर डॉक्टरांनी तिला रोजची छोटी गोळी लिहून दिली, यंदा तारखेसकट.