गॅसचे, तेलाचे, भरून घेतलेले : तेरा महिन्यांत तीन तऱ्हेचे शॉकर

काउंटरवरच्या मुलाने माझ्या गाडीचा शॉकर (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) आडवा धरला, रॉडवरून बोट फिरवलं आणि ते काळं बोट मला दाखवत म्हणाला, "अंकल, बूट फटा हुआ था. वॉरंटी में नहीं आएगा." पाच महिने जुना शॉकर, एक वर्षाची वॉरंटी, पक्कं बिल खिशात, आणि नकार कशावरून, तर रॉडला धुळीपासून जपणाऱ्या २४० रुपयांच्या रबरी बुटावरून. तो बूट खोक्यात यांनी दिलेलाच नव्हता. कंपनीचं नाव लिहीत नाही. माल वाईट नाही आणि माझं भांडण अजून मिटलेलं नाही.

मी इंदूरच्या राजेंद्र नगरला राहतो, नोकरी पिथमपूरला. जाऊन-येऊन रोजचे ४५ किलोमीटर, राऊवरून. गाडी २०१५ची, छोटी हॅचबॅक, पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकर एकत्र, मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकर वेगळा, म्हणजे या वर्गातल्या बहुतेक गाड्यांसारखीच. आणि हो, इंदुरात आम्ही 'शॉकर' म्हणतो. पुण्याची मावसबहीण 'शॉकअप' म्हणते आणि मला दुरुस्त करते. मी तिला दुरुस्त करत नाही.

गेल्या सप्टेंबरात आईने पहिली तक्रार केली. मावशीकडे नेण्यासाठी तिने स्टीलच्या डब्यात ताक घेतलं होतं, डबा पायापाशी. सुदामा नगरातल्या एका स्पीडब्रेकरवरून गाडी उतरली, पुढून खाली बसली, वर आली, परत बसली, परत आली. तिसऱ्या वेळी झाकण उडालं. त्या गाडीला चार महिने आंबूस वास येत होता. (हे शहर २०१७ पासून सलग सात वेळा स्वच्छतेत देशात पहिलं आलं. स्पीडब्रेकरची स्पर्धा ठेवली तर तिथेही कुणाला जवळ येऊ देणार नाही.)

घरी येऊन बॉनेटच्या कोपऱ्यावर सगळं वजन टाकून दाबलं आणि सोडलं. गाडीने एकदा वर येऊन थांबायला हवं. आमची डुलत राहिली. पुढच्या टायरवरून हात फिरवला तर रबर सपाट नाही, थोड्या थोड्या अंतरावर खळगे. चाकांच्या अलाइनमेंटचे पैसे त्याआधी दोनदा घालवले होते, पण खळगे अलाइनमेंटमुळे नव्हतेच. चाक रस्त्यावर टेकून राहण्याऐवजी उड्या मारत चाललं होतं. ७८,००० किलोमीटर झाले होते, शॉकर मूळचे, साधे तेलाचे. त्यांनी काम चोख केलं होतं, हे आता कबूल करतो. तेव्हा शिव्या दिल्या होत्या.

मग मी चिकटपणा केला. आधी ७०० रुपयांची ती स्प्रिंगच्या वेटोळ्यांत अडकवायची रबरं आणली. जाहिरातीत गाडी उंच होते, झटके जातात, सगळं होतं. तीन आठवड्यांत काढून टाकली. रबर अडकवलं की ती वेटोळी कामातून जातात आणि उरलेली स्प्रिंग कडक होते. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि शॉकर त्या स्प्रिंगची उसळी आवरतो. मेलेल्या शॉकरवर स्प्रिंग आणखी कडक केली म्हणजे उसळी वाढवली आणि आवरणारा तोच म्हातारा ठेवला. ती रबरं आता आईच्या कुंड्यांखाली आहेत, तिथे उत्तम चालली आहेत.

डिसेंबरात पुढचे दोन्ही शॉकर 'भरून' घेतले. ६०० रुपयाला एक, मजुरी वेगळी १०००. काम माझ्यासमोर झालं. उस्तादने बाहेरच्या नळीला भोक पाडलं, आतून काळं, पाण्यासारखं पातळ तेल टोपलीभर वाटावं इतकं आलं (प्रत्यक्षात चहाचा एक मोठा ग्लास), नवं तेल सिरिंजने भरलं आणि भोक वेल्डिंगने बुजवलं. तेल कुठलं विचारलं तर म्हणाला, "भिया, बढ़िया वाला." पहिला आठवडा गाडी खरंच बढिया चालली. जानेवारीच्या सकाळी मात्र पहिले चार-पाच किलोमीटर लाकडी बैलगाडी, आणि पिथमपूर येईस्तोवर तेल तापलं की पुन्हा झोपाळा. शॉकरच्या आतला पडदा, म्हणजे त्या पातळ पत्र्यांच्या चकत्यांचा व्हॉल्व्ह, ठरावीक दाटपणाच्या तेलासाठी जुळवलेला असतो. उसळीची सगळी ताकद त्या बारीक वाटांतून तेल दाबताना उष्णता होऊन जाते. खडबडीत रस्त्यावरून आल्यावर शॉकरला हात लावून बघा, कोमट लागतो. दाट तेल घातलं तर गार असताना अडतं. शिवाय झिजलेलं सील तसंच राहतं ते वेगळंच. फेब्रुवारीअखेर वेल्डिंगपाशी ओल दिसायला लागली. दोन हजार दोनशे रुपये गेले.

मार्चमध्ये गॅसचे घेतले, ४,६०० रुपयांची जोडी. दुकानदार म्हणाला, "गॅस वाला नया टेक्नोलॉजी है." नवं कसलं! बिल्स्टाइन या जर्मन कंपनीने फ्रेंच इंजिनिअर द कार्बोंच्या कल्पनेवरून गॅसच्या दाबाचे शॉकर मर्सिडीजला दिले ते १९५७ साली. पण त्या शॉकरमध्ये आणि माझ्या शॉकरमध्ये फरक आहे. तो एका नळीचा, ज्याला मोनोट्यूब म्हणतात. एकच जाड नळी, खाली साधारण २० ते ३० बार दाबाचा नायट्रोजन, वर तेल, मध्ये तरंगता पिस्टन, म्हणजे तेल आणि गॅस कधी भेटतच नाहीत. माझा दोन नळ्यांचाच, जुन्यासारखा. आतल्या नळीत पिस्टन, बाहेरच्या नळीत उरलेलं तेल, आणि तेलाच्या वर हवेऐवजी थोड्या दाबाचा नायट्रोजन. फायदा एवढाच की सलग दणक्यांवर तेलाला सहजी फेस येत नाही. फेस आला की व्हॉल्व्हमधून तेलाबरोबर बुडबुडे जातात आणि बुडबुडे काही अडवत नाहीत. साध्या शॉकरने गाडी पहिल्या खड्ड्यात ठीक आणि विसाव्या खड्ड्यात सैल वाटते, ते यामुळे.

दुकानातच मजा पाहिली. गॅसच्या शॉकरची पट्टी कापली आणि रॉड आपोआप, सावकाश, सुस्कारा टाकावा तसा वर आला. शेजारी साधा तेलाचा होता, त्याचा रॉड जिथे दाबून सोडला तिथेच बसला. उस्तादने गॅसचे उभे धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबले, सोडले. महिनोन्महिने फळीवर आडवे पडलेले असतात, आतल्या नळीत शिरलेला गॅस असा बाहेर काढावा लागतो. हे न करता बसवलं तर पहिल्या दिवशी खडखड करतात आणि आपण कंपनीला नावं ठेवतो. इतकं सगळं नीट करणाऱ्या उस्तादने मग जुना बूट उचलला, झटकला आणि नव्या शॉकरवर चढवला. मी बघत होतो. खालच्या बाजूला दोन बोटं जातील एवढी चीर होती. मी विचारलं, नवा नको का? तो म्हणाला, "चल जाएगा." ४८० रुपये वाचले म्हणून मी गप्प बसलो. हे वाक्य मी स्वतःला रोज ऐकवतो.

इथपासून पुढचा भाग मी एप्रिलमध्ये मोबाइलवर लिहून ठेवला होता, तसाच देतो:

'गॅसचे घेऊ नका. पोट ढवळतं. पिथमपूरच्या रस्त्यावर प्रत्येक सांधा, प्रत्येक मॅनहोल मणक्यात मोजता येतो. हायवेवर गाडी छान चिकटते, वळणावर झुकत नाही, पण शहरात नको. आईला पाठदुखी. पैसे पाण्यात.'

आता दुरुस्ती. मे महिन्यात पंक्चर काढायला गेलो तेव्हा कळलं की पुढच्या टायरांत ३८ हवा होती. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर ३० लिहिलंय. अलाइनमेंटवाल्याने मार्चमध्ये 'नई गाड़ी जैसा' करून दिलं होतं, त्यातच हे आलं. हवा ३० केली आणि निम्मी तक्रार तिथेच गेली. उरलेली जून उजाडेपर्यंत गेली, सील आणि बुश जरा रुळल्यावर. गॅसचे म्हणजे कडक, हे मीच चार जणांना सांगितलं होतं, ते चूक होतं. कडकपणा व्हॉल्व्ह ठरवतो. इतक्या थोड्या दाबाचा गॅस गाडी उचलतो ती बोटाच्या पेरापेक्षाही कमी.

जूनमध्ये ताकाची परीक्षा पुन्हा घेतली. तोच डबा, तोच स्पीडब्रेकर, आई मागे. गाडी बसली, वर आली, थांबली. आईने झाकणावर ठेवलेला हात काढला आणि म्हणाली, "आता कसं माणसांसारखं." त्याच रविवारी सानंद या इथल्या मराठी संस्थेचं नाटक पाहायला विद्यापीठाच्या सभागृहात गेलो, खंडवा रोडवरून. येताना ती मागे झोपली होती. पुढचे कसे आहेत याचं याहून मोठं प्रशस्तिपत्र आमच्या घरात मिळत नाही.

मधल्या काळात मेहुण्याच्या एसयूव्हीतून ओंकारेश्वरला जाऊन आलो. त्याने बाहेरून मोनोट्यूब बसवून घेतलेत, माझ्या तिप्पट भावाने. भेरूघाटात चार माणसं आणि सामान भरून गाडी अशी बसली होती की मला हेवा वाटला. उतारावर, वळणावर, पुन्हा वळणावर, शेवटपर्यंत सारखीच. एका नळीचा शॉकर उष्णता थेट बाहेरच्या हवेला देतो, म्हणून दमत नाही. पण गावात शिरल्यावर लहान खड्ड्यांना तो जरा टोचतो, आणि त्याची दुखरी बाजू मेहुणा सांगत नाही ती मी सांगतो. बाहेरची भिंत हीच पिस्टनची नळी. उडालेल्या दगडाने तिला पोचा आला की पिस्टन अडकला, शॉकर भंगारात. माझ्या दोन नळीवाल्याला बाहेरून पोचा आला तरी आतलं काम चालू राहतं. पिथमपूरच्या रस्त्यावर ट्रकमागे जाणाऱ्याने हे लक्षात घ्यावं. त्याच रस्त्याच्या आसपास २०२१ साली उघडलेला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा सुसाट चाचणी ट्रॅक आहे. गाड्या तिथे तपासतात आणि माणसं आमच्या रस्त्यावर.

मोटारसायकलच्या मोनोशॉकबद्दल (मागचा एकच शॉकर) मुलगा बरंच बोलतो. मला त्यात एवढंच दिसलं की मागे कुणी बसणार असेल तर स्प्रिंगचा कॉलर पान्याने दोन घरं फिरवायचा असतो आणि तो कधीच फिरवत नाही.

ऑगस्टमध्ये डावीकडून 'टक' आवाज सुरू झाला. चाक काढलं. त्या चिरेतून पावसाळाभर चिखल आत जात होता. बूट वर सरकवला तर रॉडभोवती तेल आणि धूळ मिळून काजळासारखा लगदा झालेला. फडक्याने पुसला, रॉड वरून चकाकत होता, पण नख वरून खाली नेलं की एका जागी अडायचं. केसाएवढा ओरखडा, उभा. तो दर उसळीला सीलच्या ओठांतून वरखाली जातो, दिवसातून हजारो वेळा. मग तेल बाहेर यायला वेळ कितीसा लागणार? उजव्या बाजूचा बूट जुनाच, पण अखंड होता. तिकडचा रॉड कोरडा आणि गुळगुळीत.

हे सगळं मी काउंटरवर सांगितलं. दोन्ही शॉकर एकाच दिवशीचे, एकाच खोक्यातले, एक मेला एक जिवंत, म्हणजे शॉकरचा दोष नाही हे मलाही मान्य आहे. मग माझं म्हणणं काय? बूट फाटला तर वॉरंटी जाते, असं तुम्ही म्हणता ना, मग बूट खोक्यात द्या. नाहीतर खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहा. ते लिहिलेलं होतं म्हणे, आतल्या कागदावर, अकराव्या मुद्द्यात, इंग्रजीत. चष्मा लावून वाचलं. होतं. वरच्या ऑफिसला दोन मेल केले, दोन्हींना 'आपकी शिकायत दर्ज कर ली गई है' असं उत्तर आलं. तिसरा मेल मी मराठीत लिहिला, राग तेवढा तरी निघाला.

शेवटी डावा एकच नवा घेतला, २,३००. जोडीने बदलावेत असं सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे, पण उजवा पाचच महिन्यांचा आणि ठणठणीत होता, त्याला का फेकू? यावेळी बूट आधी घेतले, दोन, ४८० रुपये, आतल्या बंप रबरासकट (शॉकर पूर्ण दबला की धक्का झेलतं ते). बंप रबराकडेही बघा. आमच्या जुन्याचं फेसाळ टोक कुजून चुरा झालं होतं, म्हणजे मोठ्या खड्ड्यात शॉकर आतून तळ गाठत होता आणि आपण वरून खडखड ऐकत होतो. मजुरी ७००, अलाइनमेंट ४५०. टायरची हवा मीच उभा राहून भरली.

हिशेब लिहून ठेवलाय. कुंड्यांखालची रबरं ७००, भरून घेणं २,२००, मार्चचे गॅसचे मजुरी-अलाइनमेंटसकट ६,२५०, ऑगस्टचं सगळं ३,९३०. एकूण १३,०८०. मार्चमध्ये ४८० जास्त दिले असते तर यातले निदान ३,४५० वाचले असते. बायकोने हा आकडा फ्रिजवर चिकटवला आहे.

मागचे दोन अजून मूळचेच, तेलाचे, ९३,००० झाले. दाबून पाहिले, दीड हेलकावा घेतात. दिवाळीपर्यंत चालवतो, मग तिथेही दोन नळ्यांचे गॅसचेच टाकीन. काल संध्याकाळी टॉर्च घेऊन खाली वाकलो होतो. दोन्ही पुढचे कोरडे आहेत. मागच्या डाव्याचा प्लॅस्टिकचा झाकणवजा बूट कडेने तडकला आहे.